आनंद मोजणाऱ्या खुर्च्या

शाल-श्रीफळ झालं, हारतुरे झाले, तरी उपमहापौरांचं भाषण काही आटपेना. नाटक बसवणाऱ्या मंदाताई तळेकर विंगेत धुमसत होत्या. पालिकेच्या या नव्या खुर्च्या प्रेक्षकांचा आनंद मोजत. जो सर्वाधिक आनंद देईल त्यालाच अनुदान, नाहीतर त्यांच्या नाट्यमंडळाला टाळं. आणि या शहाण्यांनी मोजणी सत्कारापासूनच सुरू केली होती!

तेवढ्यात पालिकेच्या विद्युत विभागानं लावलेला माइक बंद पडला. भाषण नाइलाजानं आवरलं. मग नाटक झालं, चांगलं रंगलंही.

शेवटी उपमहापौरांनी छाती फुगवून पडद्यावरचा निकाल वाचला. "आनंदाचा उच्चांक, माइक बंद पडला त्या क्षणी! अनुदान आपल्या विद्युत विभागाला!"

"द्या, द्या," मंदाताई फणकारल्या. "पालिकेनं कलेसाठी आजवर केलेलं एकमेव काम, आणि तेही चुकून."