मंडईतला कंस

सालेकस्याकडच्या आमच्या गावात दिवाळीनंतर मंडई, म्हणजे जत्रा, भरते; तिच्या नाटकात सरपंच शालीकरामच दरवर्षी कंस होतो. यंदा गोंदियाच्या पंडितजींनी त्याचा हात पाहून सांगितलं, "इस साल गाँव में एक लड़का होगा. वही आपकी कुर्सी खाएगा."

शालीकरामच्या डोळ्यांसमोर भोजराज आला. मागच्या निवडणुकीत तो थोडक्यात पडला होता आणि आता त्याच्या बायकोचे, अल्काचे, दिवस भरत आले होते. दुसऱ्याच दिवशी भोजराजच्या टोलीवर, गावाबाहेरच्या वस्तीवर, जाणारा एकुलता एक रस्ता नालीच्या नावाखाली खोदला गेला. नाली काही आली नाही.

"कंस येडाच होता," शालीकराम पानठेल्यावर सांगत सुटला. "त्यानं वसुदेवाले जायाले रस्ता ठेवला. मी तं ॲम्बुलन्सलेबी नाई ठेवलो."

कळा सुरू झाल्या तशा टोलीतल्या बायांनी अल्काला खाटेवर घातलं आणि धानाच्या बांधांवरून डांबरी सडकेपर्यंत नेलं. मुलगी झाली. मायलेकी सुखरूप राहिल्या. 'पोरगी' ऐकून शालीकरामने मारुतीपुढे नारळ फोडला.

महिनाभरात त्याच्याच घरी, दोन पोरींच्या पाठीवर, मुलगा झाला. बँड वाजला. खुशीत सगळं विसरून तो खोदलेल्या रस्त्यावर फळी टाकून पेढ्यांचा डबा घेऊन थेट भोजराजच्या दारात गेला.



भोजराजने पेढा तोंडात टाकला. "गोड आहे, भाऊ. पण तिसरं लेकरू झालं का सरपंचकी जाते, मालूम आहे ना?"