चार बोटं

टण्ण!

चेंडू पुन्हा उजव्या खांबावर आदळून बाहेर गेला. कडेला बसलेल्या मुली एका सुरात ओरडल्या, "शाळा सुटली!"

निवड समितीच्या म्हाताऱ्या सरांनी वहीत रेघ मारली. सकाळपासूनची तेविसावी. गोल एकही नाही. हॉकी क्लबनं आपली लाडकी आघाडीची खेळाडू दुसऱ्या क्लबला देऊन तिच्या बदल्यात ही एकोणीस वर्षांची पोर घेतली होती. पेनल्टी कॉर्नर मारण्यात हिचा हात धरणारं कुणी नाही, असा बोलबाला होता. पण इथं आल्यापासून आठ दिवसांत एक चेंडू जाळ्यात गेला असेल तर शपथ. मुलींनी तिचं नाव 'बदली' ठेवलं होतं. पसंत नसेल तर आजच्या दिवसापर्यंत तिला परत पाठवता येणार होतं, आणि तिकडं तर तिची जागा केव्हाच भरली होती. म्हणजे सरांनी नकार लिहिला की स्टिक माळ्यावर टाकून तिनं घरी बसायचं.

सरांना वाईट वाटत होतं. पण तीस वर्षांत त्यांनी कुणाची भीडभाड ठेवली नव्हती. खेळाडू पाहताक्षणी ओळखतो, असा त्यांचा तोरा होता. अहवालात लिहूनही झालं होतं: 'मनगट चांगलं. नजर नाही.' फक्त सही राहिली होती.

टण्ण!

सर उठले. हा आवाज मघापासून अगदी एकसारखा कसा येतोय, हे पाहायला ते खांबाजवळ गेले. सगळा खांब पांढराशुभ्र होता. एकाच ठिकाणी, लिंबाएवढा रंग उडाला होता. नेम चुकणाऱ्याचे चेंडू इकडं तिकडं जातात. हिचे सगळे इथंच आले होते.

सर चरकले. त्यांनी तिला हाक मारली.

"अगं, मारताना गोलकडं एकदाही बघत नाहीस तू?"

ती बावरली. "चेंडूवरची नजर काढली की बिघडतं, सर. खालच्या पांढऱ्या रेघा दिसतात तेवढ्या मला पुरतात. आणि गोल कुठं जातोय? तो आपल्या जागीच असतो ना!"

सर रागवायला गेले आणि मध्येच थांबले.

"जा, तोंडावर पाणी मारून ये," ते म्हणाले.

ती नळाकडं गेली, तसं त्यांनी मैदान सांभाळणाऱ्या काकांना लांब टेप आणायला सांगितली. "ही गोलची चौकट कुणी बसवली हो?"

"मीच की. मैदानावरचा हिरवा गालिचा बदलला तेव्हा. अंदाजपंचेच, पण बघा, कशी मधोमध आहे!"

दोघांनी मैदानाच्या दोन्ही कोपऱ्यांपासून मोजलं. एका बाजूला आठ बोटं जास्त भरली. म्हणजे चौकट चार बोटं डावीकडं सरकलेली होती. बाकीच्या मुली गोलकडं बघून मारत, म्हणून त्यांचं कधी अडलं नव्हतं. प्रशिक्षकांना दिसलं नव्हतं. सरांनाही नाही. आणि ही पोर आठ दिवस मान खाली घालून, खांब वाजवून वाजवून तेच सांगत होती.

"उठा गं पोरींनो. लावा हात."

चौकट चार बोटं सरकली. काका पुटपुटत बाजूला झाले.

ती ओला चेहरा बाहीनं पुसत आली. तिला काही कळलं नव्हतं. ती तिच्या ठरलेल्या जागी वाकली, चेंडू स्टिकनं ओढला आणि फेकला.

आवाज आला नाही. मुलींमधूनही नाही.

तिनं दचकून पहिल्यांदाच मान वर केली. चेंडू जाळ्यात गरगरत होता.

"बसला, सर!" ती ओरडली. "हा एक तरी नीट मारला मी!"

सरांनी वहीतलं अहवालाचं पान फाडलं.

"नाही गं बाळ," ते म्हणाले, "हाही तिथंच मारलास तू."