तेरा दिवसांचा उशीर

“मॅडम, सुटलात तुम्ही,” कोर्टाच्या व्हरांड्यात वकील हसत म्हणाले. “चेक परत आल्यापासून तीस दिवसांत नोटीस धाडावी लागते. मगदूमांनी चाळिसाव्या दिवशी धाडली. केस उभीच राहत नाही.”

मंदाकिनीने समोर पाहिलं. मगदूम अण्णा बाकावर टोपी काढून बसले होते. त्यांच्याकडून उधार घेतलेल्या लोखंडावर तिची फाउंड्री चालायची. न वटलेल्या चेकवर सही तिचीच होती.

“अण्णा, उशीर का केलात?”

“पाकीट तयार होतं, वहिनी. तेवढ्यात तुमचे मालक गेले. तेराव्याआधी दारात वकिलाचा कागद कसा धाडायचा?”

मंदाकिनीने पदर खोचला. पुकारा होताच वकिलांच्या आधी तीच ताठ उभी राहिली.

“साहेब, सही माझी. पैसे मी देणार.”

“नोटिशीची मुदत टळलीय, माहीत आहे?” न्यायाधीशांनी विचारलं.

“ते दिवस आमच्या सुतकाचे. अण्णांनी पाळले. ते त्यांच्या उशिरात धरू नका.”