नेव्हिलचं जुनं मशीन

काउंटरवर सोनं शोधायचे तीन डिटेक्टर मांडले होते आणि डोरीन त्यातल्या एकालाही हात लावत नव्हती.

"हे हलकं आहे बघ," ग्लेनिस म्हणाली. टार्नागुला गावातलं हे दुकान तिचंच. "तुझ्या खांद्याला झेपेल. हे जरा जड, पण खोलवरचं पकडतं. आणि हे तिसरं आपल्या तांबड्या मातीत उगाच कोकलत नाही. तुझ्या स्टॅनकडे असंच होतं ना?"

"स्टॅनचं त्याच्याबरोबरच पुरलं. तसं बजावूनच गेला होता."

डोरीनची नजर मागच्या खिडकीकडे होती. परसात नेव्हिल दुकानातलं सगळ्यात महागडं मशीन चालवून बघत होता. गिऱ्हाइकांना परीक्षा घेता यावी म्हणून ग्लेनिसने तिथे शिशाचे तुकडे पुरून ठेवले होते. कानांवर हेडफोन चढवून नेव्हिल ते एकेक शोधत होता आणि दर तुकड्याला आपल्याशीच हसत होता.

त्या मशीनला पैसा कुठून आला हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. कोरड्या ओढ्यापलीकडे, पडक्या धुराड्याजवळ डोरीनच्या नवऱ्याला, स्टॅनला, सोन्याची एक जागा सापडली होती. एकोणीस वर्षं त्याने ती डोरीनशिवाय कुणाला कळू दिली नाही. शेवटच्या आठवड्यात तो इस्पितळात औषधांच्या गुंगीत बरळत असताना हा नेव्हिल द्राक्षं घेऊन त्याच्या उशाशी बसला आणि त्या जागेचा पत्ता काढून घेतला. गुरुवारी स्टॅनला पुरलं. शुक्रवारी डोरीन तिथे गेली, तर सगळी जमीन उकरलेली. शनिवारी नेव्हिल पबमध्ये अक्रोडाएवढा सोन्याचा खडा हातोहात फिरवत होता. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो असा.

आणि नालायकाने एकही खड्डा बुजवला नव्हता. या भागात माणूस थापा मारेल, मित्राला टांग मारेल, पण खणलेला खड्डा बुजवल्याशिवाय हलणार नाही. मेंढीचा पाय मोडतो, माणसाचाही मोडतो. डोरीनने ते खड्डे मोजले होते. तिथे उभी राहून ती रडली नव्हती. तिला राग आला होता, आणि चार महिने झाले तरी तो शिळा झाला नव्हता.

"ते कोपऱ्यातलं कुणाचं?" तिने विचारलं. मुठीला निळी पट्टी गुंडाळलेलं एक मशीन भिंतीला टेकून उभं होतं.

"ते नेव्हिलचं. नव्याच्या बदल्यात आत्ताच देऊन गेलाय. त्याच्यावरची मातीही अजून झाडली नाही मी."

"आणि आतलं? पुसलंय?"

ग्लेनिसचा हात थबकला. सोनं लागलं की बटण दाबायचं, मशीन त्या जागेची खूण ठेवतं. मशीन दुसऱ्याच्या हाती द्यायच्या आधी शहाणा माणूस सगळ्या खुणा पुसून टाकतो. नव्याच्या नादात नेव्हिल विसरला होता.

"थांब, पुसते," ग्लेनिस म्हणाली.

"राहू दे. मला तेच आवडलंय."

ग्लेनिसने तिच्याकडे पाहिलं, मग खिडकीकडे. परसात नेव्हिलला आणखी एक तुकडा सापडला होता. ग्लेनिसने पावतीपुस्तक ओढलं, 'वापरलेलं, आहे त्या स्थितीत' असं लिहिलं आणि कागद फाडून डोरीनच्या हातात दिला.

डोरीनने मशीन सुरू केलं. पडद्यावर नकाशा आला. धुराड्याजवळ ठिपक्यांची गर्दी होती. बाकीचे सगळ्या रानभर पसरलेले, तिने कधी नावही न ऐकलेल्या ओहोळांच्या काठांनी.

मागचं दार उघडून नेव्हिल आत आला. उन्हाने लालबुंद, हेडफोन गळ्यात.

"काय गं म्हातारे, माझं भंगार घेतलंस? घे, घे. गुणाचं आहे. सोनं कुठे असतं ते त्याला तोंडपाठ आहे."

"हो ना," डोरीन म्हणाली. "तेच वाचतेय."

तिने पडदा त्याच्याकडे वळवला. नेव्हिलचं हसू ओठांवर तसंच राहिलं, बाकीचा चेहरा मात्र उतरला. त्याने हात पुढे केला.

"दे इकडे. पुसायचं राहिलंय."

डोरीनने मशीन काखेत घेतलं आणि पावती दाखवली. त्याने ग्लेनिसकडे पाहिलं, तर ती काउंटर पुसत होती.

"तीस वर्षं लागली मला या जागा शोधायला," त्याचा आवाज खाली आला. "बायकोलासुद्धा सांगितल्या नाहीत. डोरीन, ऐक. तू खण ना. हवं तेवढं खण, सगळं तुझं. फक्त कुणाला सांगू नकोस."

"मला नको तुझं सोनं. रविवारी सोनं शोधणाऱ्यांच्या क्लबची सगळी माणसं माझ्याकडे चहाला येणार आहेत. प्रत्येकाच्या बशीखाली या नकाशाची एकेक प्रत ठेवणार आहे मी."

नेव्हिलने नवीन मशीन भिंतीला टेकवलं, ते घसरून खाली पडलं. त्याने उचललंही नाही.

डोरीन दारापर्यंत गेली आणि वळली. "तूही ये. आणि येताना फावडं आण. धुराड्याजवळ एकतीस खड्डे आहेत."

"बुजवतो," तो घाईघाईने म्हणाला. "आजच बुजवतो सगळे. मग तर नाही ना सांगणार?"

"सांगणार तर आहेच," डोरीन म्हणाली. "पण खड्डे तुझे आहेत ना?"