काकांचा गळका नळ

काकांच्या स्वयंपाकघरातल्या नळाने मला अगदी वीट आणला होता. प्लंबरला असं एखादं घर असतंच. दर वेळी मी म्हणायचो, “काका, याचे आटे गेलेत. नवीन बसवू या.” आणि दर वेळी काका म्हणायचे, “तात्पुरतं कर रे. मुलाने आमच्या कायमच्या व्हिसाचा अर्ज केलाय. आज ना उद्या जायचंच आहे, कशाला उगाच नवीन?” मग मी वायसर बदलायचो, टेप गुंडाळायचो आणि काकू पुन्हा नळाखाली बादली सरकवायच्या. त्या घरात सगळंच असं चाललं होतं. कपाटाचं दार सुतळीने बांधलेलं, पंखा खरखरणारा, गादीला मधोमध खड्डा. वाट बघता बघता दोघांचे केस पांढरे झाले, पण नवीन वस्तू काही घरात आली नाही.

आज मात्र काकांनी स्वतःहून सांगितलं, “हा काढून टाक. चांगला पितळी नळ बसव, पुन्हा बघायला नको असा.”

माझा पाना हातातच राहिला. “व्हिसा नाही मिळाला का, काका?”

“मिळाला की. कायमचा मिळाला.”

काकूंनी बादलीतलं पाणी ओतलं आणि बादली आत नेऊन ठेवली.

“मग?”

काका स्टुलावर बसले. “मुलाला विचारलं, तिकडे आमची खोली कुठली? तर म्हणाला, सध्या हॉलमध्येच झोपा ना, बाबा. तात्पुरतं.”