शेवटच्या पानावरची कविता

"पण मला यिडिश येत नाही," शोभना पेणकर तिसऱ्यांदा म्हणाली.

"तुम्ही ज्यू आहात ना?" खिडकीच्या आतून मॉरिसनी विचारलं.

"आहे. पण आम्ही बेने इस्राएल. अलिबागकडचे. यिडिश युरोपातल्या ज्यूंची, आम्ही घरी मराठी बोलतो."

मॉरिस तिच्याकडे बघतच राहिले. ती आयर्लंडमध्ये, शॅननच्या एका कारखान्यात हृदयात बसवायचे स्टेंट तपासायची. डब्लिनच्या सिनेगॉगमधून कुणीतरी तिचा नंबर एनिसमधल्या या शहाऐंशी वर्षांच्या माणसाला दिला होता, आणि जानेवारीच्या थंडीत, लॉकडाऊनमध्ये, ती मास्क लावून त्यांच्या बागेत उभी होती.

"हिब्रू अक्षरं तरी येतात?"

"प्रार्थनेपुरती."

"ग्रँड! यिडिशची अक्षरं तीच. तुम्ही वाचा, अर्थ मला कळेल. मी बोलायला शिकलो, वाचायला नाही. रूथ शिकली."

रूथ त्यांची मोठी बहीण. परवा डब्लिनमध्ये वारली. उद्या दफन होतं. दहाच माणसांना परवानगी होती आणि मॉरिसना डॉक्टरांनी घराबाहेर पडायला मनाई केली होती. रूथनं मात्र लिहून ठेवलं होतं, 'आईच्या पुस्तकातली शेवटची कविता मॉरिसनं वाचावी.' पुस्तक म्हणजे जेमतेम चाळीस पानं. आईच्या कविता रूथनंच एकाहत्तर साली छापून घेतल्या होत्या. तेव्हापासून मॉरिसची प्रत कपाटात पडून होती.

त्यांनी ती खिडकीतून पुढे केली आणि डाव्या, म्हणजे भलत्याच टोकाकडून उघडून दाखवली; ही लिपी उजवीकडून सुरू होते. शोभनानं शेवटचं पान काढलं आणि अडखळत वाचायला लागली. कानाला जर्मनसारखं काहीतरी लागत होतं. आपण दुखवट्याचं वाचतोय की गमतीचं, तेही तिला कळेना. मध्येच एक ओळखीचा शब्द भेटला, शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाचा.

"शब्बाथ."

"शाबेस," मॉरिसनी दुरुस्त केलं. "पुढे."

पुढच्या दोन ओळी त्यांनी पुन्हा वाचायला लावल्या. मग आणखी एकदा. नंतर त्यांनी तिला हातानंच थांबवलं.

"उच्चार फार चुकले का?" शोभनानं घाबरून विचारलं.

"नाही. उद्या दफनाच्या वेळी फोनवरून वाचाल? माझ्याच्यानं होणार नाही."

"वाचेन की. पण आधी काय सांगू? रूथ यांच्या आईची कविता, असंच ना?"

मॉरिसनी मान हलवली. होकार की नकार, तिला उमगेना.

"यात शाबेस संपल्यावरची संध्याकाळ आहे," ते म्हणाले. "रिकामं घर आहे. बहीण म्हणते, एक मिनिट थांब. किल्ली हातात घेतलेला भाऊ घड्याळाकडे बघतो." त्यांनी डोळे पुसले. "ते घर मी विकलं. सदुसष्ट साली. आई अठ्ठावन्नमध्येच गेली होती."

शोभनाला हिशोब लागायला क्षणभर लागला.

"म्हणजे ही कविता..."

"रूथची. बाकीच्या कुणाच्या, मला माहीत नाही. आणि मी जन्मभर तिला म्हणत आलो, आईचा एकही गुण तुझ्यात उतरला नाही."