शेवटचा हात

शेजारच्या देशाशी करार झाला, सीमेवरचा कर उठला आणि तिकडून निम्म्या किमतीत शर्ट यायला लागले. आमच्या कारखान्यातल्या कॉलर शिवणाऱ्या आम्ही बावीस जणी एका दुपारी घरी बसलो. सासूबाईंची नोकरी तेवढी टिकली. आता शर्ट तिकडूनच शिवून येतो, फक्त गळ्याचं बटण नसतं. सासूबाई ते लावतात आणि आतून ‘आपल्या देशात तयार’ असं लेबल शिवतात. मालक म्हणतात, शेवटचा हात आपला, म्हणजे माल आपला.

सासूबाई रोज घरी येऊन चप्पल काढायच्या आधी मालकाचा उद्धार करतात. “जनाची नाही, निदान मनाची तरी असावी गं माणसाला. शिवायचं कुणी आणि नाव कुणाचं.”

काल नणंदेच्या सासरची माणसं जेवायला आली. मी सकाळपासून ओट्याशी उभी राहून मटण शिजवलं, मसाला वाटला, भात केला. सासूबाई कामावरून आल्या, पातेल्यात चिमूटभर कोथिंबीर भुरभुरवली आणि हात पुसत बाहेर गेल्या.

“तुमच्या हाताला काय चव आहे हो,” विहीणबाई बोटं चाटत म्हणाल्या.

“अहो, इतक्या वर्षांची सवय. सगळं मीच करते.”

मी आत जाऊन सुई-दोरा घेऊन आले.



“आई, लेबल मटणाला शिवू की पातेल्याला?”